ताणा वाळेपर्यंत

सिंधूताईंना भाषण करता येत असे, बोलता येत नसे. हा फरक घराबाहेर कोणाच्या लक्षात आला नव्हता, आणि घरात तो ज्यांना ठाऊक होता त्या त्यांच्या यजमानांना, मनोहररावांना, त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कारण भाषणं तेच लिहून देत. रविवारी दुपारचं जेवण झालं की आरामखुर्चीत पडून, मांडीवर फाइल घेऊन ते लिहायला बसत. ‘स्त्रीने स्वतःच्या पायावर उभे राहावे’, ‘अबला नव्हे, सबला’, ‘स्त्री आणि निर्णयस्वातंत्र्य’ अशी चौदा वर्षांत तीसेक भाषणं झाली असतील. मधे मधे तांबड्या पेन्सिलीनं ते खुणा करत. ‘येथे थांबावे’, ‘येथे आवाज चढवावा’. पहिल्याच वर्षी सिंधूताईंनी ‘येथे थांबावे’ हेही मोठ्यानं वाचून टाकलं होतं आणि खरोखरच थांबून खाली बसल्या होत्या. ते भाषण लोकांना फार आवडलं, कारण ते लहान होतं.

सिंधूताई मूळच्या भिवापूरच्या. वडील मिरचीचे अडत्ये. लहानपणी तांबड्या मिरचीच्या ढिगांभोवती त्या दिवसभर बडबडत हिंडायच्या, हमालांशी वाद घालायच्या आणि बहुतेक वेळा जिंकायच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या नागपूरला धरमपेठेत आल्या. मनोहरराव शिकायला दोन वर्षं पुण्याला राहिले होते आणि येताना त्यांनी आपली भाषा इस्त्री करून आणली होती. लग्नानंतर चौथ्या दिवशी पंगतीत नवी सून म्हणाली, “मले नको, मले भूक नाही,” आणि अख्खी पंगत हसली. कोणी रागावलं नाही, कोणी टोमणा मारला नाही. नुसते हसले. मनोहररावही हसले. रागावले असते तर सिंधूताईंनी भांडण तरी केलं असतं.

तेव्हापासून सिंधूताईंना एक सवय लागली. वाक्य तोंडातून काढण्याआधी ते मनात उलटून पाहायचं, ‘ले’चा ‘ला’ करायचा, ‘काहून’चं ‘का’ करायचं आणि मग बोलायचं. तोवर समोरच्यांचं बोलणं दोन घरं पुढे गेलेलं असे. मग त्या नुसत्या हसत. बघता बघता लोक त्यांना मितभाषी म्हणू लागले, पुढे भारदस्त म्हणू लागले. आणि भारदस्त बाई हाताशी असली की तिला महिला मंडळाची चिटणीस करतात, तशा त्या झाल्या.

मंडळाचं नाव सुविकासिनी महिला मंडळ. साल अठ्ठ्याहत्तर. महिला वर्ष उलटून तीन वर्षं झाली होती तरी मंडळाचा उत्साह ओसरला नव्हता. अध्यक्षा पार्वतीबाई एका बड्या वकिलांच्या पत्नी. त्यांच्या मते स्त्रियांजवळ सगळं होतं, फक्त आत्मविश्वास नव्हता, आणि तो ज्यांच्याजवळ नव्हता त्या स्त्रिया शहराच्या पूर्वेला राहत होत्या. म्हणून तिकडे दर शुक्रवारी ‘आत्मविश्वास वर्ग’ घ्यायचा असं ठरलं. पार्वतीबाईंना ऊन सोसत नसे, त्यामुळे वर्ग सिंधूताईंकडे आला.

नंदनवनच्या अलीकडे कोष्ट्यांची चाळीसेक घरांची वस्ती होती. निम्म्या घरांतले माग बंद पडले होते. पुरुष मिलमध्ये पाळीवर जात. जिथे माग अजून खडखडत होता तिथे तो बहुतेक बायकाच चालवत होत्या. वस्तीच्या पाठीमागे एक लांबलचक मोकळं मैदान आणि मैदानाच्या कडेला मारुतीचं देऊळ. देवळाच्या सभामंडपात दुपारी तीन ते चार वर्ग भरे. दहा-बारा बायका नेमानं येत. सिंधूताईंना वाटलं, आत्मविश्वासाची ओढ आहे. खरं कारण त्यांना पुष्कळ दिवसांनी कळलं. मोठ्या घरची बाई आली आहे म्हटल्यावर त्या तासाभरात घरातून कोणी हाक मारत नसे, आणि आठवड्यात पाय पसरून बसायला मिळणारा तेवढाच एक तास होता.

पहिल्या दिवशी मनोहररावांनी लिहून दिलेल्या पाठात असं होतं की प्रत्येकीनं उभं राहून आपलं नाव सांगावं आणि आपल्याला काय येतं ते एका वाक्यात सांगावं. कंसात होतं, ‘सुरुवातीस संकोच करतील, धीर द्यावा’. पहिल्यांदा उठली ती रंभाबाई. पन्नाशीची, वाळकी, खांद्यावर पदर घट्ट ओढून घेतलेली बाई. नवरा श्रावण मिलमध्ये होता. तिनं नाव सांगितलं आणि म्हणाली की तिला माग चालवता येतो, मागाच्या उभ्या धाग्यांना खळ लावून ताणा पाजता येतो, तीन जणींची बाळंतपणं तिनं केली आहेत, देवळाच्या छपराची कवेलू ती स्वतः चढून फेरते आणि नवऱ्याला सरळ ठेवणंही तिला येतं. बाकीच्या जणींनीही अशाच लांबलचक याद्या दिल्या. धीर द्यायला जागाच उरली नाही. शेवटी रंभाबाई म्हणाली, “आता तुमी सांगा.”

सिंधूताईंनी नाव सांगितलं. मग वाक्य मनात उलटून पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आत काही नाहीच. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “मला भाषण करता येतं.”

“मंग करा ना जी,” रंभाबाई म्हणाली.

सिंधूताईंनी पिशवीतून कागद काढून वाचून दाखवला. बायकांनी मन लावून ऐकला. एकीला बसल्या बसल्या चांगली झोप लागली.

तरी सिंधूताई जात राहिल्या. दिवाळी झाली, संक्रांत आली. घरून निघताना त्या मनोहररावांचा पाठ पिशवीत टाकत, पण हळूहळू तो पिशवीतच राहू लागला. बायका बोलत आणि त्या ऐकत. कोणाचं बोलणं कानावर पडलं की त्यांना आत कुठेतरी भिवापूरचं अंगण आठवे, आणि तोंडाशी आलेला ‘मले’ त्या गिळून टाकत. आपण यांना शिकवायला आलो आहोत हे विसरून कसं चालेल, असंही त्यांना वाटे.

एकदा शुक्रवारी मंडळाचा दुसरा कार्यक्रम होता म्हणून त्या सकाळीच वस्तीवर गेल्या. तेव्हा त्यांनी पाजणी पहिल्यांदा पाहिली. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंच्या आधारानं शेकडो धागे ताणलेले. त्यांना भाताची खळ लावलेली. दोन्ही बाजूंनी बायका मोठमोठे कुंचे घेऊन पुढे-मागे चालत होत्या, धागा न् धागा सोडवत होत्या. वयानं सगळ्यात लहान असलेली चंद्रकला वर्गात मान खाली घालून बसे. इथे ती सगळ्यांना हुकूम सोडत होती. सिंधूताईंनी विचारलं, थोडा वेळ बसत का नाही? रंभाबाईनं चालता चालताच सांगितलं की एकदा खळ लागली की ताणा वाळेपर्यंत सोडता येत नाही, उचलता तर येतच नाही. धागे एकमेकांना चिकटले की सगळा ताणा वाया. मागावर चढवायला काही उरत नाही. आणि घराच्या अंगणात तो मावत नाही. एवढी लांब, सपाट, झाडाची सावली नसलेली जागा आसपास ही एकच होती.

माघ महिन्यात त्या मैदानावर चुन्याच्या रेघा उमटल्या. दोन माणसं आली, फीत लावून गेली, चार कोपऱ्यांत खुंट्या ठोकून गेली. बायकांनी विचारलं तर त्यांनी वर बोट दाखवलं. वर म्हणजे देव की साहेब, ते कोणाला कळलं नाही. शुक्रवारी रंभाबाई सिंधूताईंना म्हणाली, तुमचे साहेब सरकारात आहेत म्हणतात, जरा विचारून पाहा.

मनोहरराव सरकारात होते हे खरं. कोणत्या खात्यात होते ते सांगण्यात हशील नाही; प्रत्येक खात्यात एक मनोहरराव असतातच. त्या दिवशी जेवताना सिंधूताईंनी विषय काढला. मनोहररावांचा चेहरा खुलला. हे गुपित ते येत्या रविवारी सांगणार होते. त्या मैदानावर महिला कल्याण भवन होणार होतं. सुविकासिनी मंडळानं अर्ज केला होता, जागा पडीक असल्याचा शेरा त्यांनी स्वतः मारला होता, मंजुरी आली होती आणि बुधवारी सकाळी भूमिपूजन होतं. मोठे पाहुणे यायचे होते. भाषण तयार होतं.

“मंडळानं अर्ज कधी केला?” सिंधूताईंनी विचारलं.

“अगं, दसऱ्याला नाही का तुझी सही घेतली? अर्जावर तुझीच सही आहे.”

सिंधूताईंना सही आठवली. कागद आठवला नाही. त्यांनी वाक्य मनात तयार केलं, तपासलं आणि म्हणाल्या की त्या जागेवर बायका ताणा पाजतात. मनोहरराव म्हणाले, त्यात काय, भवन झालं की त्यांनाच तिथे प्रशिक्षण मिळेल.

“कशाचं?”

“स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं,” मनोहरराव म्हणाले आणि त्यांनी ताक मागितलं.

पुढचे दोन दिवस सिंधूताईंचं कामात लक्ष नव्हतं. त्यांनी पार्वतीबाईंकडे जाऊन पाहिलं. पार्वतीबाईंनी त्यांना नकाशा दाखवला. पुढे कारंजं होतं. कारंज्याबद्दल पार्वतीबाई इतक्या जिव्हाळ्यानं बोलल्या की सिंधूताईंचं वाक्य पुन्हा मागे पडलं. भूमिपूजनाच्या गडबडीत त्या आठवड्याचा वर्ग सोमवारी घ्यायचा होता. सोमवारचा पाठ मनोहररावांनी आधीच लिहून ठेवला होता. विषय होता ‘नाही म्हणायला शिका’.

तो पाठ त्या दिवशी सिंधूताईंनी पिशवीतून काढला, कारण दुसरं काही बोलायची त्यांना भीती वाटत होती. नकार कसा द्यावा, नजर कशी समोर ठेवावी, आवाज कसा स्थिर ठेवावा हे त्यांनी नजर कागदावर ठेवून, थरथरत्या आवाजात वाचलं. संपल्यावर रंभाबाईनं विचारलं, रेघांचं काही कळलं काय? सिंधूताई म्हणाल्या, चौकशी चालू आहे. हे वाक्य मनोहररावांचं होतं. ते रोज ऑफिसात कोणाला ना कोणाला तेच सांगत. बायकांनी माना डोलावल्या. सरकारी वाक्य ओळखू येत नाही असं कोणी त्यांच्यात नव्हतं.

सिंधूताई रिक्षात बसल्या. रिक्षा मोठ्या रस्त्याला लागली, आणि तिथल्या कडुनिंबावर डकवलेला, मैदानाच्या जागेविषयीचा सरकारी कागद त्यांना दिसला. ‘संबंधितांनी नोंद घ्यावी’ अशी त्याची सुरुवात होती, आणि खाली कुठेतरी त्यांच्या मंडळाचं नाव होतं. वस्तीतल्या बायका इकडे फिरकत नसत. त्यांचा रस्ता मैदानातून होता. सिंधूताईंनी रिक्षा वळवायला सांगितली. रिक्षावाल्यानं काहून म्हणून विचारलं. त्यांनी नुसता वस्तीकडे हात केला.

रंभाबाई घरात रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. सिंधूताई उंबऱ्यातच खाली बसल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. भवन होणार आहे, बुधवारी भूमिपूजन आहे, मंडळ त्यांचं आहे, अर्जावर सही त्यांची आहे. रंभाबाई रहाट थांबवून ऐकत होती. ती भडकेल, दोन शब्द बोलेल, अशी सिंधूताईंची तयारी होती. खरं तर त्यासाठीच त्या परत आल्या होत्या.

रंभाबाईनं एवढंच विचारलं, “आमच्यासाठी भवन?”

“हो.”

“आमाले कोणी इचारलं?”

“नाही.”

 रंभाबाईच्या तोंडावर हसू आलं. ते पंगतीतलं हसू नव्हतं. “अन् तुमाले?” ती म्हणाली. “तुमाले तरी कोणी इचारलं काय जी?”

सिंधूताईंनी नाही म्हणून मान हलवली. रंभाबाईनं उठून चहा ठेवला. पुढचं काय करायचं यावर काही बोलणं झालं नाही. रंभाबाईनं फक्त जाता जाता सांगितलं की बुधवारी चंद्रकलाच्या ताण्याची पाळी आहे, सूत भिजवून तयार आहे, आणि पाळी चुकली तर पुन्हा पंधरा दिवस थांबावं लागतं.

बुधवारचा मुहूर्त पावणेदहाचा होता. मनोहरराव साडेआठलाच मैदानावर पोचले. एका कोपऱ्यात मंडप उभा होता, खुर्च्या मांडलेल्या होत्या, खड्ड्याभोवती रांगोळी होती, चांदीचं फावडं एका ताटात होतं. बाकीचं सबंध मैदान आडवं भरून ताणा पसरला होता. आठ बायका कुंचे घेऊन पुढे-मागे चालत होत्या. मंडपाकडे कोणी वळूनही पाहत नव्हतं. त्यात मोर्चाचा आवेश नव्हता, घोषणा नव्हत्या. त्यांचं रोजचं काम चाललं होतं, आणि त्यामुळेच मनोहररावांना काय करावं ते कळेना. मोर्चा असता तर पोलिसांना बोलावता आलं असतं.

त्यांनी सिंधूताईंना बाजूला घेतलं. “तुझं ऐकतात त्या. जा, पाच मिनिटांत उचलायला सांग.”

सिंधूताई मंडपातून निघाल्या. जरीकाठी पातळ, केसांत गजरा, हातात भाषणाचा कागद. मैदान ओलांडायला त्यांना बराच वेळ लागला, निदान त्यांना तसं वाटलं. रंभाबाई कुंचा फिरवत होती. ती थांबली नाही, म्हणून सिंधूताई तिच्या बाजूनं चालू लागल्या.

“काय म्हणते साहेब?”

“उचला म्हणतात.”

“तुमी काय म्हणता?”

सिंधूताईंनी हात पुढे करून धाग्यांना लावला. बोटं चिकट झाली. ताणा ओला होता. पलीकडे चंद्रकला कुंचा हातात धरून त्यांच्याकडे पाहत उभी होती. सिंधूताई तशाच वळल्या. परत मंडपात आल्या आणि मनोहररावांना म्हणाल्या, “नाही उचलता येत.”

“म्हणजे?”

“वाळेपर्यंत नाही.”

मनोहररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एवढ्या वर्षांत बायकोनं त्यांना दिलेला हा पहिला नकार असावा, आणि तो कोणत्या फाइलीत घालायचा ते त्यांना सुचलं नाही. पुढचं काही बोलायच्या आत मोटार आली. पाहुणे आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर आले होते.

पाहुणे मोटारीतून उतरले, त्यांनी समोर पसरलेलं ते सूत, त्या बायका, ते कुंचे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. “वा!” ते म्हणाले, “प्रात्यक्षिकही ठेवलंय तुम्ही.” पार्वतीबाईंनी क्षणभर मनोहररावांकडे पाहिलं आणि म्हणाल्या की हो, मंडळाची ती कल्पना आहे. पाहुणे मंडप सोडून ताण्याकडे गेले. किती लांब, किती धागे, खळ कशाची, सगळं त्यांनी रंभाबाईला विचारलं. रंभाबाईनं हात न थांबवता उत्तरं दिली. वर्तमानपत्राच्या माणसानं फोटो काढला. मुहूर्त टळून गेला होता, पण पाहुणे खूश आहेत म्हटल्यावर गुरुजींनी आणखी एक मुहूर्त काढला.

मग सगळे खुर्च्यांवर बसले आणि चिटणीस या नात्यानं सिंधूताईंचं प्रास्ताविक आलं. त्यांनी कागद उघडला. बोटांची खळ कागदाला लागली. ‘या मोकळ्या, पडीक जागेवर आज एक स्वप्न उभे राहत आहे’, असं पहिलं वाक्य होतं. त्यांनी ‘या मोकळ्या’ एवढं वाचलं. पुढे त्यांना जाता येईना. तिथे ‘येथे थांबावे’ असं लिहिलेलं नव्हतं, तरी त्या थांबल्या.

 मनोहररावांनी खाकरून पाहिलं. सिंधूताईंच्या मनात वाक्य आलं, आणि ते उलटून पाहायचं त्यांना सुचलंच नाही, कारण सगळं लक्ष समोरच्या ताण्याकडे होतं.

“ही जागा पडीक नाही जी,” त्या म्हणाल्या. “तिथं पाहा ना, काम चालून राहिलं. रोज सकाळी चालते. इथं इमारत झाली तर यांनी ताणा कुठं पसरवायचा? यांना कोणी इचारलं नाही. मलेही कोणी इचारलं नाही.”  त्यांनी कागद मिटला. “अर्जावर सही माझी आहे. मी तो वाचला नव्हता, ही माझी चूक झाली. तो अर्ज मी वापस घेते.”

आणि त्या खाली बसल्या. आवाज जिथे चढवायचा तिथे तो बसला होता आणि नको तिथे चढला होता. टाळ्या पडल्या नाहीत. मागच्या रांगेतल्या एका कारकुनाला हसू फुटलं, ‘मले’वर. पार्वतीबाई समोरच्या शून्यात कारंजं पाहत असाव्यात. ताण्याजवळच्या बायकांना तर लांबून काही ऐकूच आलं नव्हतं; त्यांचं काम अजून तासभराचं होतं.

पाहुणे मुरलेले होते. ते उठले आणि म्हणाले की लोकांचा कौल जागेवर जाऊन घ्यावा या मताचे ते पहिल्यापासून आहेत, आणि आज तो त्यांनी घेतला. भवन होईल, नक्की होईल, पण योग्य जागी. या वेळी टाळ्या पडल्या. चांदीचं फावडं ताटातच राहिलं.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फोटो आला, त्याखाली ‘महिला कल्याण भवनाच्या भूमिपूजनप्रसंगी सादर झालेले विणकामाचे प्रात्यक्षिक’ अशी ओळ आली, आणि शेजारी सिंधूताईंचं भाषण आलं. सबंध. ‘या मोकळ्या, पडीक जागेवर आज एक स्वप्न उभे राहत आहे’ इथपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मनोहररावांनी टाइप केलेल्या प्रती भूमिपूजनाच्या आदल्या दिवशीच वर्तमानपत्राकडे पोचवल्या होत्या. भाषण छान छापलं होतं. बऱ्याच ओळखीच्यांनी सिंधूताईंचं अभिनंदन केलं.

मनोहरराव तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बोलले तेव्हा कळलं की जागेचं त्यांना फारसं वाईट वाटलं नव्हतं. जागा दुसरी मिळते. चार अधिकाऱ्यांदेखत बायको ‘मले’ म्हणाली, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. सिंधूताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की भाषणं यापुढे लिहू नका. मनोहररावांनी विचारलं, मग तू वाचणार काय? ते अजून ठाऊक नाही, असं सिंधूताईंनी सांगितलं.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत पार्वतीबाईंनी त्यांच्या प्रकृतीची चौकशी केली आणि त्यांना विश्रांतीची गरज आहे असं सर्वानुमते ठरवलं. चिटणीसपद दुसरीकडे गेलं. भवन पुढे तीन वर्षांनी मंडळाच्या बायकांच्या घरांजवळच झालं, कारंज्यासकट. लग्नसराईत ते चांगलं चालतं. मैदानावरच्या खुंट्या बायकांनी उपटल्या आणि ताण्याच्या बांबूंना आधार म्हणून लावल्या.

शुक्रवारी मात्र सिंधूताई वस्तीवर जातच राहिल्या. वर्ग नव्हता, त्यामुळे काय करायचं असा प्रश्न पहिल्या दिवशी दोन्हीकडच्यांना पडला. रंभाबाईनं त्यांच्यासमोर रहाट ठेवला. त्यांनी भरलेल्या कांड्या ढिल्या झाल्या. रंभाबाईनं त्या पाहिल्या आणि पुन्हा उकलून ठेवल्या. “हे काही जमलं नाही वं बाई,” ती म्हणाली. लग्नानंतर सिंधूताईंना ‘वं’ म्हणून, माहेरच्या जवळिकीनं, कोणी बोललं नव्हतं. त्यांनी रहाट पुन्हा ओढून घेतला.

पावसाळ्यात कळमेश्वरच्या एका मुलींच्या शाळेतून पत्र आलं. मुख्याध्यापिका इंदूबाईंनी वर्तमानपत्रातलं ते भाषण कापून ठेवलं होतं आणि तसंच उद्‌बोधक काहीतरी मुलींना सांगावं अशी त्यांची विनंती होती. सिंधूताईंनी होकार कळवला आणि लिहायला बसल्या. अकरा दिवस लिहीत होत्या. पान भरायचं आणि फाडायचं. मनोहरराव आरामखुर्चीतून अधूनमधून पाहत, दोनदा त्यांचा हात पेन्सिलीकडे गेला आणि मागे आला.

त्या एकट्याच बसनं कळमेश्वरला गेल्या. शंभरेक मुली सतरंजीवर बसल्या होत्या. सिंधूताई सात मिनिटं बोलल्या. सुरुवात बरी झाली, मधलं सगळं विसरल्या, कागद पाहिला तर आपलंच अक्षर लागेना. मग त्यांनी कागद घडी करून ठेवला आणि लग्नानंतरच्या त्या पंगतीची गोष्ट सांगितली. ‘मले भूक नाही’ यावर मुली हसल्याच नाहीत. त्यांच्या घरी सगळे तसंच बोलत होते, त्यात हसण्यासारखं काय ते त्यांना समजेना. एका मुलीनं हात वर करून विचारलं की मग तुमी त्या दिवशी उपाशी राह्यल्या काय? सिंधूताई म्हणाल्या, हो, राह्यली. आणि त्यानंतर काय बोलायचं ते न सुचून खाली बसल्या. इंदूबाईंनी आभार मानले, आणि चहा देताना अगदी सौम्यपणे म्हणाल्या की त्यांना वर्तमानपत्रातल्यासारखं भाषण अपेक्षित होतं.

“ते माझं नव्हतं,” सिंधूताई म्हणाल्या.

घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. पातळाला चिखल उडाला होता, गजऱ्यातली अर्धी फुलं बसमध्ये पडली होती. मनोहरराव व्हरांड्यातच होते. त्यांनी कसं झालं म्हणून विचारलं.

“वाईट झालं,” सिंधूताई चपला काढता काढता म्हणाल्या. “मधलं सारंच इसरली.” आणि हे सांगताना त्यांचा चेहरा इतका टवटवीत दिसला की मनोहररावांनी हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि तिथल्या मुली काय म्हणाल्या ते सांगायला सांगितलं. सिंधूताई पायरीवरच बसल्या आणि सांगू लागल्या.